पुण्याला सव्वा तास, मग चौपट लांबच्या शारजाला तीनच कसे?

प्रश्न : माझा मुलगा पुण्याला असतो आणि मुलगी शारजाला. इंदूरहून पुण्याला विमानानं सव्वा तास लागतो आणि शारजाला तीन-सव्वातीन. नकाशात तर शारजा पुण्याच्या चौपट लांब दिसतं, मग वेळ चौपट का नाही? शिवाय शारजाच्या तिकिटावर जाताना पावणेदोन तासांचं अंतर दिसतं आणि येताना साडेचार तासांचं. जावई म्हणतात, हे वाऱ्यामुळे. सातवीतली नात म्हणते, पृथ्वी फिरते म्हणून. मोबाइलवर पाहावं, तर इंदूर-पुणे अंतर कधी पाचशे किलोमीटर, कधी सहाशे, आणि रेल्वेचं तर हजाराच्या घरात. खरं कोणतं धरायचं? नोव्हेंबरात शारजाला जायचं आहे म्हणून विचारते.
– एक आजी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आजी, जावई आणि नात या दोघांमध्ये निकाल द्यायचा म्हणजे जोखमीचं काम. पण तिथपर्यंत पोचायला वेळ आहे. आधी अंतराचा घोळ निस्तरू, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

मोबाइल दाखवतो ते तिन्ही आकडे खरे आहेत. इंदूर आणि पुण्याचे विमानतळ यांच्यातलं हवाई अंतर, म्हणजे जमिनीवरचे डोंगर-नद्या विसरून पृथ्वीच्या पाठीवर ताणलेल्या दोरीची लांबी, सुमारे ५०० किलोमीटर आहे. मजा अशी की मुंबईही इंदूरहून तितकीच लांब आहे. फरक जेमतेम पाच-सहा किलोमीटरचा. रस्त्यानं निघालात की खलघाटला नर्मदा ओलांडायची, सेंधव्यापुढे बिजासनचा घाट उतरायचा, शिरपूरजवळ तापी पार करून धुळं गाठायचं. वळणं घेत घेत पुण्यापर्यंत सहाशेच्या आसपास किलोमीटर होतात. शंभर किलोमीटर जास्त. घाटाच्या रस्त्याला हे काही फार नाही.

रेल्वेची गोष्ट मात्र निराळी. इंदूरहून पुण्याकडे निघालेली गाडी आधी दक्षिणेला जातच नाही. ती रतलामला जाते, तिथून बडोदा, सुरत, वसई, कल्याण, लोणावळा असा गुजरातभर फेरा घालून येते आणि अंतर साडेनऊशेच्या वर जातं. मुंबईला जाणारी अवंतिका एक्सप्रेसही त्याच वाटेनं ८२९ किलोमीटर धावते. असं का, याचं उत्तर इतिहासात आहे. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन १८७०च्या दशकात खंडवा ते इंदूर रेल्वे आणवली. नर्मदा ओलांडून, विंध्याचा घाट चढून येणारी ही वाट दक्षिणेशी नातं जोडणारी होती, पण ती मीटर गेजची. पुढे बाकीचं जाळं ब्रॉडगेज झालं आणि महूच्या पलीकडचा घाट मागे पडला. आज त्यातल्या पातालपाणी ते कालाकुंड या तुकड्यावर हौशी प्रवाशांसाठी गाडी चालते. आता मनमाड ते इंदूर असा ३०९ किलोमीटरचा थेट रेल्वेमार्ग केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला आहे. खर्च १८,०३६ कोटी रुपये. तो झाला की तुमच्या मोबाइलवरचा तिसरा आकडा पुष्कळ खाली येईल.

आकड्यांच्या गोंधळात आणखी एक भर असते. वैमानिक किलोमीटर मोजत नाहीत, नॉटिकल मैल मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्या हिशेबानं पुणं २७० मैल होतं. साध्या मैलांत तेच अंतर ३११ भरतं. त्यामुळे कुठलाही आकडा वाचताना त्यापुढचं एकक आधी पाहावं. विमानाच्या वेळेचा विचार करताना हवाई अंतर धरायचं. इंदूर ते पुणे ५००, इंदूर ते शारजा सुमारे २,०८० किलोमीटर. म्हणजे तुमचा ‘चौपट’ हा अंदाज अगदी बरोबर आहे.

मग वेळ चौपट का नाही? कारण तिकिटावरची वेळ ही हवेतली वेळ नसते. विमान आपल्या जागेवरून हललं तिथपासून ते उतरून आपल्या जागी उभं राहिलं तिथपर्यंतचा काळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, पुढच्या विमानाची वाट पाहणं, उतरल्यावर पुन्हा रांगत येणं, यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. पुण्याला जा की शारजाला, हा खर्च तोच. त्यातही पुण्याचा विमानतळ म्हणजे लोहगावचा हवाई दलाचा तळ. तिथे प्रवासी विमानांना लढाऊ विमानांच्या वेळापत्रकात जागा शोधावी लागते. मुंबईला दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणानं वापरता येत नाहीत, आणि आभाळात घिरट्या घालणं आलंच. इंदूर-मुंबई आणि इंदूर-पुणे अंतर सारखं असूनही मुंबईच्या विमानाला वेळापत्रकात थोडा जास्त वेळ ठेवलेला असतो, तो यासाठीच.

दुसरं कारण चढण्या-उतरण्याचं. दहा-अकरा किलोमीटर उंची गाठेपर्यंत विमानानं दीड-दोनशे किलोमीटर कापलेले असतात, आणि उतरायची तयारीही मुक्कामाच्या सुमारे दोनशे किलोमीटर आधी सुरू होते. या दोन्ही टप्प्यांत वेग कमी असतो. पुण्याच्या प्रवासात मग पूर्ण वेगानं जायला उरतात शंभर-सव्वाशे किलोमीटर. हवाई सुंदरी सँडविच देऊन लगेच रिकामे डबे गोळा करायला का धावते, ते यावरून कळेल! शारजाच्या वाटेवर सोळा-सतराशे किलोमीटर भरवेगात जातात. सरासरी काढली तर पुण्याचं विमान ताशी ४०० किलोमीटरनं गेल्यासारखं दिसतं आणि शारजाचं साडेसहाशेनं. दोन्ही विमानं मात्र एकाच जातीची, एकाच ताकदीची असू शकतात. ‘लांबची विमानं जोरात पळतात’ हा पुष्कळांचा समज असतो, तो इथून येतो.

शिवाय वेळापत्रकात कंपन्या थोडे हातचे धरून ठेवतात. आपल्याकडे ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत आलेलं विमानही वेळेवरच मानलं जातं, तरीही वर दहा-पंधरा मिनिटं राखून ठेवलेली बरी असतात. म्हणून तर कधी कधी विमान ‘वेळेआधी’ पोचतं आणि वैमानिक ते जरा अभिमानानं जाहीर करतो.

आता पावणेदोन आणि साडेचार तासांचं कोडं. इथे ना वारा, ना पृथ्वी. मुख्य कारण घड्याळ आहे. तिकिटावर सुटायची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचण्याच्या गावची. शारजाचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. समजा, तुम्ही इंदूरहून दुपारी बाराला निघालात आणि शारजाला तिथल्या पावणेदोनला उतरलात. त्या क्षणी इंदूरमध्ये सव्वातीन वाजलेले असतात. प्रवास झाला सव्वातीन तासांचा. परतताना दोनला निघून इंदूरला साडेसहाला पोचलात, तर साडेचारातून दीड वजा करायचे, उरले तीन. म्हणजे पावणेदोन आणि साडेचार या आकड्यांमागे सव्वातीन आणि तीन लपलेले होते. दोन्हींतला खरा फरक पंधरा मिनिटांचा. जाताना दीड मिळवा, येताना दीड वजा करा, एवढंच.

हा दीड तास कुठून आला, हे इंदूरकरांनी तरी जरूर समजून घ्यावं, कारण काळ मोजण्याचा जुना मान तुमच्या शेजारच्या गावाकडे आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. प्राचीन भारतीय ज्योतिषी रेखांश मोजायला सुरुवात करत ती उज्जैनच्या रेषेपासून. इंग्रजांनी ग्रीनिच धरलं, त्याच्या कितीतरी शतकं आधी. इंदूर जवळजवळ त्याच रेषेवर, उज्जैनच्या सरळ दक्षिणेला आहे. पण १९०६ पासून भारताचं घड्याळ लावलं जातं ते ८२.५ अंशांवर, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर. इंदूर त्या रेषेच्या पावणेसात अंश पश्चिमेला. म्हणून तुमच्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीनं बारा वाजून सत्तावीस मिनिटांनी. शारजाचं घड्याळ ६० अंशांच्या रेषेवर चालतं आणि शारजाही त्या रेषेच्या पश्चिमेलाच आहे. दोन रेषांमध्ये साडेबावीस अंश, गुणिले चार मिनिटं, बरोबर नव्वद मिनिटं. सूर्याला विचाराल तर इंदूर आणि शारजामधला फरक ८१ मिनिटांचाच आहे. वरची नऊ मिनिटं सरकारी सोयीची.

उरलेल्या पंधरा मिनिटांवर जावई आणि नातीचा वाद. नातीचं म्हणणं असं असावं : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पश्चिमेला निघालेल्या विमानाखालून जमीन मागे सरकते आणि शारजा समोरून चालून येतं. तिच्या तर्काला दाद द्यायला हवी, पण त्याचा शेवट कुठे होतो ते पाहा. इंदूरच्या अक्षांशावर जमीन ताशी दीड हजार किलोमीटरहून जास्त वेगानं फिरते. विमान नुसतं वर जाऊन थांबलं, तर शारजा ८१ मिनिटांत आपसूक खाली हजर व्हायला हवं. आणि शारजाहून ताशी ८४० किलोमीटरनं निघालेलं विमान इंदूरला कधी पोचणारच नाही, कारण इंदूर त्याच्यापुढे दुप्पट वेगानं पळत असेल! प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण जमिनीबरोबर हवाही फिरते, आणि जमिनीवर उभं असलेलं विमानही उडण्याआधीपासून तोच वेग अंगी बाळगून असतं. शिवाय नातीचा तर्क खरा असता तर पश्चिमेला जाताना कमी वेळ लागला असता. लागतो जास्त. तेव्हा निकाल जावयांच्या बाजूनं.

पण नातीला थोडे गुण द्यावे लागतील. आकाशात दहा-बारा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडून वर चढलेली गरम हवा ध्रुवांकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते, म्हणून ते वारे त्या दिशेचे. म्हणजे पृथ्वीचा हात आहे, पण वाऱ्याच्या आडून.

महेश्वरला नर्मदेत नावेतून गेलात, तर प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध वल्हवण्यातला फरक नावाड्याच्या चेहऱ्यावर दिसतो. विमानाचं तेच. हिशेबाला सोपं म्हणून अंतर २,१०० किलोमीटर आणि हवेतला वेग ताशी ८४० धरू. वारा नसेल तर अडीच तास. आता ताशी १०० किलोमीटरचा पश्चिम वारा आहे असं माना. जाताना जमिनीवरचा वेग ७४० झाला. लागले दोन तास पन्नास मिनिटं. येताना ९४० झाला. लागले दोन तास चौदा मिनिटं. जाताना वीस मिनिटं गमावली, पण येताना सोळाच कमावली. ‘जाता-येता वारा फिटंफाट करतो’ असं समजणाऱ्यांनी या चार मिनिटांकडे पाहावं. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून असतं, सोबतीच्या वाऱ्यात कमी वेळ. त्यामुळे वारा एकूण खातो ते खातोच.

जावयांना आणखी एक गोष्ट सांगा : हा वारा बारा महिने सारखा नसतो. हिवाळ्यात पश्चिमेचा जेट प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावर उतरलेला असतो आणि त्याची दक्षिणेकडची कड माळव्यापर्यंत येते. पावसाळ्यात तो हिमालयापलीकडे सरकतो, आणि दक्षिण भारताच्या आभाळात उलटा, पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारा प्रवाह तयार होतो. त्याचं वर्णन १९५८ साली पी. कोटेश्वरम या आपल्याच हवामानशास्त्रज्ञानं केलं. पुढे ते भारतीय हवामान विभागाचे प्रमुख झाले. इंदूर-शारजा वाटेवर पावसाळ्यात वारा मंद किंवा किंचित पूर्वेचा असतो, आणि जाण्या-येण्यातला फरक जवळजवळ पुसला जातो. विमान कंपन्याही मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रक बदलतात, तेव्हा याच मार्गाच्या वेळा पाच-दहा मिनिटांनी पुढे-मागे झालेल्या दिसतील.

वारा अंतरावर किती मात करतो याचं झणझणीत उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाचं. दोन्ही शहरांमधलं हवाई अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेला, अटलांटिकवरून काहीसा वळसा घेत जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेला, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे १,४०० किलोमीटरनं वाढून १५,३०० किलोमीटरच्या घरात गेली आणि वेळ दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आली! पाठीशी वारा होता. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत, त्यांनी ‘जवळची वाट’ आणि ‘लवकरची वाट’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात हे बरं.

तुमच्या शारजाच्या वाटेचंही तसंच थोडं आहे. सगळ्यात जवळची रेषा कच्छवरून, सिंधूच्या मुखाजवळून, कराचीच्या दक्षिणेच्या समुद्रावरून जाते. तिथलं आभाळ पाकिस्तानच्या नियंत्रणात. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये ते बंद झालं होतं. इंदूरचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान दुबईला उडालं १५ जुलै २०१९ रोजी आणि पाकिस्तानचं आभाळ उघडलं दुसऱ्याच दिवशी. पुढे २०२३ मध्ये दुबईऐवजी शेजारच्या शारजाचं विमान आलं. एप्रिल २०२५ मध्ये ते आभाळ भारतीय कंपन्यांना पुन्हा बंद झालं. दिल्ली-अमृतसरहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना त्याचा मोठा फटका बसला. इंदूरच्या विमानाला थोडं दक्षिणेला सरकून अरबी समुद्रावरून जावं लागतं; वळसा लहानच.

आता नोव्हेंबर. पावसाळा संपून पश्चिमेचे वारे परतू लागलेले असतात, त्यामुळे जाताना सव्वातीन तास धरा, येताना तीनच्या आत-बाहेर. पण घरातून निघाल्यापासून लेकीच्या दारापर्यंत सात-आठ तास हाताशी ठेवा. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचावं लागतं आणि उतरल्यावर पासपोर्टची रांग असते. परतायच्या तिकिटावरची पोचायची वेळ इंदूरचीच आहे. घ्यायला येणाऱ्यांना तीच सांगा, त्यात काही मिळवू नका. आणि रोजच्या गोळ्या घड्याळाच्या काट्यावर घेत असाल, तर शारजाच्या वेळेनं घ्यायच्या की इंदूरच्या, हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.